रंग सगळ्यांनी पाहिला, दिवस कुणी मोजले नाहीत

‘पाळीत काळं रक्त जातं’ ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा येते की केसपेपरवर नुसतं ‘पाळीच्या तक्रारी’ असं लिहिलेलं असलं, तरी समोरची काय बोलणार हे बहुधा मला ठाऊक असतं. कधी मुलगी स्वतः सांगते, पुष्कळदा आई सांगते, आणि सांगताना दोघींचाही आवाज खाली येतो. त्यामागची भीती मात्र घरागणिक वेगळी असते. कुणाला वाटतं अंगात घाण साठलीय, कुणाला पिशवीचा आजार वाटतो, कुणाला पोरीच्या लग्नाची काळजी लागलेली असते. मुलगेही येतात. रक्तदान शिबिरात आपल्या रक्ताची पिशवी भरताना पाहिली, ती काळपट दिसली, शेजारचा मित्र ‘तुझं रक्त खराब आहे रे’ असं सहज बोलून गेला, आणि तेव्हापासून झोप नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहे, तिथे मी समुपदेशक आहे. आज ज्या मुलीबद्दल लिहितेय तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. नाव घेत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी अकरावी सायन्सची. सोबत आई आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, याच घरात राहणारी, आणि घरात तिचा शब्द चालतो हे दारातून आत येतानाच कळलं. खुर्चीवर आत्या बसली, आई मागे उभी राहिली.

“मॅडम, हिचं रक्त नासलंय,” आत्याने सुरुवात केली. “पार काळं जातंय. आमी सगळं करून बघितलं.”

सगळं म्हणजे काय, ते मी विचारून घेतलं. रक्तशुद्धीच्या काढ्याच्या बाटल्या संपल्या होत्या. गूळ बंद, तीळ बंद, कारळाची चटणी बंद, कारण काळं खाल्लं की रक्त काळं होतं. अंडं उष्ण म्हणून तेही बंद. त्याऐवजी रोज बीट, कारण बीट लाल. शाळा-कॉलेजात आठवड्याला मिळणारी लोहाची गोळीही मुलगी घेत नव्हती. त्याचं कारण आत्याला माहीत नव्हतं. “तीच न्हाई म्हणती,” एवढंच ती म्हणाली.

मुलीशी एकटीने बोलायचं असतं म्हणून मी दोघींना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. आत्याला ते पटलं नाही, पण ती गेली.

दार लोटल्यावर मुलीने बाही वर केली आणि मनगट उलटं करून टेबलावर ठेवलं. “हे बघा ना मॅडम. किती निळं आहे.” मनगटाच्या आतल्या बाजूला दोन शिरा दिसत होत्या, निळसर हिरव्या, तुमच्या-माझ्या हातावर असतात तशाच. मग तिने जे सांगितलं ते मी मध्ये न बोलता ऐकलं, कारण ते तिने फार विचार करून जुळवलेलं होतं. पुस्तकातल्या हृदयाच्या आकृतीत उजवी बाजू निळी असते आणि डावी लाल. दहावीपासून तिने ती आकृती निळ्या-लाल पेनाने काढली होती आणि पूर्ण गुण घेतले होते. म्हणजे ऑक्सिजन नसलेलं रक्त निळं असतं आणि हवा लागली की ते लाल होतं, असं तिने धरून चाललं. पण तिचं रक्त बाहेर आल्यावर लाल होत नव्हतं, उलट काळं पडत होतं. याचा अर्थ तिचं रक्त ऑक्सिजन घेतच नाही. कॉलेजचा जिना चढताना धाप लागते, तीही म्हणूनच. शाळेतली गोळी निळी असते, आणि ती जेव्हा-जेव्हा घेतली तेव्हा दुसऱ्या दिवशी शी काळी झाली. म्हणजे गोळीने आतलं सगळं आणखी काळं होतंय.

“माझं सगळं रक्त बदलावं लागेल का?” तिने विचारलं.

अशा वेळी ‘काही नसतं गं, उगाच काळजी करतेस’ असं म्हणून मोकळं होण्याचा मोह कुणालाही होईल. माझ्या मते ते या मुलीवर अन्याय करणारं ठरलं असतं. तिने पाहिलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. शिरा निळ्या दिसतातच. पाळीचं रक्त काळपट दिसतंच. गोळीने शी काळी होतेच. धाप तर तिला लागतच होती. चुकलं होतं ते या गोष्टींना जोडणारं कारण. ते तिच्यासमोर, तिच्याच डोळ्यांनी तपासायला हवं होतं.

डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहिलीच होती. मी तिच्याबरोबर लॅबमध्ये गेले आणि टेक्निशियन दादांना थोडा वेळ मागितला. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत बोटाने चाचपून शीर शोधली, सुई गेली आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त यायला लागलं. गडद, पिकलेल्या करवंदाच्या रसाकडे झुकणारा लाल. मुलगी लगेच म्हणाली, “बघा, काळंच आहे.”

दादांनी टेबलावरचा स्टँड तिच्याकडे सरकवला, नावाच्या चिठ्ठ्या पलीकडे वळवून. सकाळपासून काढलेल्या नळ्या त्यात उभ्या होत्या. कुणी गरोदर बाई, कुणी तापाचा माणूस, कुणी नुसतं फिटनेस सर्टिफिकेटसाठी आलेला धडधाकट तरुण. तिने वाकून एकेक नळी पाहिली. तिची नळी त्यांच्यात ठेवली असती तर ओळखता आली नसती. मग दादांनी हातमोज्यातल्या हाताने तिची नळी आडवी करून हळूच उलटसुलट केली. काचेवरून रक्त सरकलं आणि मागे जो पातळ थर राहिला तो लाल होता, स्वच्छ लाल. जाड थर काळपट, पातळ थर लाल, रक्त तेच.

इतकं पाहिल्यावर ती बोलायची थांबली, आणि मग मी बोलले.

माणसाचं रक्त अंगात कुठेही निळं नसतं. लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं, त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरतो. ऑक्सिजन धरलेला असताना रक्त लालभडक दिसतं, सोडलेला असताना गडद, किंचित जांभळट लाल. एवढाच फरक. तपासणीसाठी रक्त शिरेतून काढतात, धमनीतून नाही, म्हणून नळीत आणि रक्तदानाच्या पिशवीत ते गडद दिसतं. आणि शिरेतलं रक्त म्हणजे ऑक्सिजन संपलेलं रक्त हेही खरं नाही. आपण निवांत बसलेले असताना शिरांतून परतणाऱ्या रक्तातलं साधारण तीन-चतुर्थांश हिमोग्लोबिन अजून ऑक्सिजन धरून असतं. रिचर्ड लोअर नावाच्या इंग्रज वैद्याने १६६९ सालीच दाखवून दिलं होतं की शिरेतलं गडद रक्त फुप्फुसात हवा मिळाली की उजळतं. गोठलेल्या रक्ताचा काळा तळ उलटा करून हवेत ठेवला तर तोही लाल होतो, हेही तेव्हा पाहिलं गेलं होतं. आकृतीतला निळा रंग हा फक्त दोन बाजू वेगळ्या कळाव्यात म्हणून दिलेला असतो. वर्गात हे एकदा तोंडी सांगितलं तरी पुरे, पण किती ठिकाणी सांगितलं जातं कोण जाणे. माझ्याकडे येणाऱ्या सायन्सच्या मुलांतही निळ्या रक्तावर विश्वास असणारी खूप भेटतात.

“मग शिरा?” तिने विचारलं. तो प्रश्न तिने सोडला नाही, हे मला फार आवडलं.

शिरांचं उत्तर प्रकाशात आहे. कातडीवर उजेड पडला की त्यातला निळा भाग वरच्या वर परततो आणि लाल भाग खोलवर शिरतो. आजूबाजूच्या कातडीतून तो खोल गेलेला लाल पुष्कळसा परत येतो, पण शीर असेल तिथे रक्त त्याला बराचसा शोषून घेतं. म्हणून शिरेच्या पट्ट्यातून डोळ्यांकडे लाल कमी येतो. डोळा रंग ठरवताना शेजारच्या रंगाशी ताडून पाहतो, आणि तो पट्टा आपल्याला निळा वाटतो. १९९६ साली ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या नियतकालिकात याचं मोजमाप करून दाखवलेलं आहे. मी तिच्या मनगटाचा मोबाईलवर फोटो काढला, तो मोठा केला आणि कागदाला पेनाने लहानसं भोक पाडून ते बरोबर शिरेवर धरलं. आजूबाजूची कातडी झाकली गेल्यावर निळेपणा बराच ओसरला, करडा तपकिरी तुकडा दिसायला लागला. तिने कागद काढला, ठेवला, पुन्हा काढला.

मग ऑक्सिमीटर. कोविडमध्ये घरोघर आलेलं हे यंत्र तिच्याही घरी होतं, पण ते कशावर चालतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते रक्ताच्या रंगावरच चालतं. बोटातून लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतात. ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि सोडलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि त्यावरून आकडा निघतो. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात ही युक्ती शोधली. मुलीच्या नखांवर गडद नेलपेंट होतं, त्याने आकडा चुकू शकतो, म्हणून सिस्टरकडून स्पिरिटचा बोळा मागून एक नख साफ केलं. आकडा आला ९८.

“म्हणजे माझं रक्त ऑक्सिजन घेतंय.”

“घेतंय.”

“मग धाप का लागते?”

खरा प्रश्न हाच होता, आणि तोपर्यंत रंगाच्या गोंधळाखाली तो दबून गेला होता. ऑक्सिमीटर सांगतो की जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती भरलेलं आहे. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे तो सांगत नाही. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, निम्म्यावर आलेल्या माणसालाही ९८ दाखवता येतात. म्हणून मी तिला ते विचारलं जे तिच्या घरात कुणीच विचारलं नव्हतं. पाळी किती दिवस चालते?

नऊ दिवस. कधी दहा. पहिले चार दिवस एकावर एक दोन पॅड, रात्री वरून कापड. तासा-दोन तासांनी बदलावं लागतं, म्हणून त्या दिवसांत कॉलेज बुडतं. गाठी पडतात, जांभळाएवढ्या. हे सगळं तिने असं सांगितलं जसं काही सगळ्याच मुलींचं असं असतं. आईची पाळीही अशीच जायची, त्यामुळे आईलाही त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं.

पाळीत एकूण मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त मानतात. घरी कुणी मापून बघत नाही, बघूही नये. त्यापेक्षा सोप्या खुणा आहेत: सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणं, रात्री उठून बदलावं लागणं, सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडणं. या मुलीला यातली प्रत्येक खूण लागू होती. इतके महिने घरातल्या दोन बायका रोज कापडाचा रंग पाहत होत्या.

काळेपणाचं कारण साधं आहे. पाळीचं रक्त थेट शिरेतून वाहत बाहेर येत नाही. गर्भपिशवीचं अस्तर सुटतं, त्याच्याबरोबर रक्त आणि स्राव मिसळतो, आणि हे मिश्रण हळूहळू खाली येतं. जितका वेळ ते आत थांबतं तितका हिमोग्लोबिनमधल्या लोहावर ऑक्सिजनचा परिणाम होत जातो आणि रंग तपकिरी होतो. गाठ झाली, थर जाड झाला की तो काळाच दिसतो. म्हणून पहिल्या दिवशी आणि शेवटी-शेवटी, जेव्हा जाणं मंद असतं, तेव्हा रंग गडद. मधल्या दिवसांत जोर असतो तेव्हा लाल. गुडघा फुटल्यावर धरणारी खपली काही दिवसांत काळपट होते ती याचमुळे, आणि त्या खपलीला कुणी घाण म्हणत नाही. पाळीच्या रक्तालाच तेवढं म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण मुली स्वतःच्या अंगाला घाण समजत मोठ्या होतात आणि मग त्रास सांगायला लाजतात.

अजून एक गोष्ट विचारायची राहिली होती. “खडू, माती, असं काही खावंसं वाटतं का?” ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. दप्तराच्या छोट्या कप्प्यातून तिने पाटीवरच्या पेन्सिलींची पुडी काढून टेबलावर ठेवली. अकरावीची मुलगी, पाटी हातातून सुटून कित्येक वर्षं झालेली. लोह कमी असलं की अशी इच्छा अनेकांना होते, हे सांगितल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला वेड लागतंय असं तिला वाटत होतं.

रिपोर्ट आला. एचबी ८.२. या वयाच्या मुलीला १२ तरी हवं. आमच्या भागात सिकल सेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घेतात, ती निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी लोहाच्या रोजच्या गोळ्या सुरू केल्या, जंताची गोळी दिली आणि रक्तस्रावाचं कारण शोधायला जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. मुलींना सुरुवातीपासून इतकं जास्त जात असेल तर थायरॉईड, रक्त गोठण्यातला दोष, असं काही आहे का हे पाहावं लागतं. तिच्यात तसं काही निघालं नाही. औषधांनी पाळी आटोक्यात आली.

पण हे नंतरचं. त्या दिवशी आई आणि आत्याला आत बोलावलं तेव्हा मुलीनेच त्यांना नळ्यांचं सांगितलं. मी फक्त गोळीचं बोलले. गोळीचा निळा रंग वरच्या आवरणाचा असतो, वाटप करणाऱ्यांना ओळखू यावी म्हणून. लहान मुलांची गुलाबी, किशोरवयीन मुलामुलींची निळी, गरोदर बाईची लाल. आतलं औषध तेच, लोह आणि फॉलिक ॲसिड. आणि पोटात न शोषलं गेलेलं लोह शीबरोबर जातं, ते काळं असतं. गोळी चालू असताना तसं होणारच. (गोळी चालू नसताना शी डांबरासारखी काळी, चिकट होत असेल तर मात्र थांबू नये. ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं.)

बिटाचा विषय निघाल्यावर आत्या अडून बसली. लाल खाल्लं की रक्त वाढतं, हे तिने आयुष्यभर ऐकलेलं. मी तिला सांगितलं की बीट वाईट नाही, जरूर खावं, पण १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमच्याही खालीच असतं, आणि तुमच्या घरात रोज होणाऱ्या बाजरीत सहाच्या आसपास. कारळात आणि तिळात तर भरपूर. म्हणजे जे काळं म्हणून बंद केलं त्यातच लोह जास्त होतं. मटकीची उसळ, वर लिंबू पिळून. मांसाहार चालत असेल तर कलेजी, सुकट. जेवणाबरोबर चहा नको, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवायचं काही कारण नाही. आई पहिल्यांदाच बोलली, “करते मी,” आणि तिने आत्याकडे बघितलं नाही.

“मग अंगातली घाण कुठनं जाती?” आत्याने विचारलं. प्रश्न मनापासून होता, म्हणून उत्तरही नीट दिलं. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. अंगात सगळं मिळून रक्त पाच लिटरच्या आसपास असतं, त्यातला पातळ भाग दिवसभरात कितीतरी वेळा गाळला जातो. बाकीचं काम यकृत करतं. त्यासाठी काढ्याची बाटली लागत नाही आणि पाळीही लागत नाही. पाळी न येणाऱ्या पुरुषांचं रक्तही साफच असतं, हे ऐकून आई तोंडाला पदर लावून हसली.

रक्ताच्या रंगावरून काहीच कळत नाही असं मात्र मी कुणाला सांगत नाही. कोंडलेल्या खोलीत शेगडी जळत ठेवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनतो आणि ते चेरीसारखं लाल दिसतं, माणूस मरणाच्या दारात असताना. काही औषधांनी, काही रसायनांनी, क्वचित जन्मजात दोषाने रक्त चॉकलेटी होतं आणि ओठ निळे पडतात. अचानक ओठ-नखं निळी होणं ही दवाखान्यात धाव घेण्याचीच वेळ. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तरीही. रक्तगटाचा मात्र रंगाशी संबंध नाही. अगदी १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलेला दुर्मीळ ‘बॉम्बे’ गट घेतला तरी रक्त तसंच लाल. खरोखर निळं रक्त बघायचं तर खेकड्याकडे जावं. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं ऑक्सिजन वाहतं.

दोघी उठल्या. मुलगी आणि आई गोळ्या घ्यायला फार्मसीच्या खिडकीकडे गेल्या. आत्या मागे राहिली.

“मॅडम, मला बी जातंय अधनंमधनं,” ती म्हणाली. “पण काळं न्हाई. गुलाबी, पाण्यावानी. म्हणलं काळं न्हाई तर चांगलंच हाय.”

पाळी बंद होऊन किती वर्षं झाली, मी विचारलं. सहा-सात.

मी उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. गेल्या उन्हाळ्यापासून हे चालू होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, त्याचं उत्तर आमच्या भागातल्या कुणालाही कळेल. तिच्या दोन नणंदा ऊसतोडीला जायच्या. पाळीचा त्रास म्हणून एका खासगी दवाखान्यात गेल्या आणि चाळिशीच्या आत दोघींची पिशवी काढली गेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली होती. ते आकडे आत्याने वाचले नव्हते, तिने घरात पाहिलं होतं. डॉक्टरकडे गेलं की पिशवी काढतात, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तिने ठरवून टाकलं. रंग गुलाबी आहे म्हणजे नासकं नाही, ही त्यावरची तिची स्वतःची समजूत. भाचीच्या काळ्या रंगाने ती महिनोन्‌महिने घाबरलेली होती आणि स्वतःच्या गुलाबी रंगाने निर्धास्त. प्रत्यक्षात दोघींपैकी तातडी जास्त होती ती आत्याची.

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून एक थेंबही गेला, लाल, काळा, गुलाबी, तपकिरी, कसलाही, तर तपासून घ्यायचं. बहुतेकींचं कारण साधं निघतं, पण साधारण दहांतल्या एकीला पिशवीच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. हे मी तिला सरळ सांगितलं. पिशवी काढायची की नाही हे तपासणीनंतर ठरतं, आणि कुणी तपासणीशिवाय काढू म्हणालं तर सही करायची नाही, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं, हा तुमचा हक्क आहे, हेही सांगितलं. ती बराच वेळ नुसती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “पोरीच्या संगंच जाते मी बी. येगळं कशाला.”

जिल्हा रुग्णालयात दोघी एकाच दिवशी गेल्या. आत्याची सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासायला गेला. आत एक लहान पॉलिप, म्हणजे अस्तराचा वाढलेला कोंब, होता, तो काढला. रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता. पिशवी जागेवर आहे.

मुलीचं एचबी परवाच्या तपासणीत ११.४ आलं. पेन्सिलची इच्छा गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू आपोआप गेली. पाळीचे दिवस आणि पॅड ती आता मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवते आणि येताना दाखवते. मागच्या खेपेला सहा दिवस होते. बरं वाटतंय म्हणून गोळ्या थांबवू का, असं तिने विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. एचबी १२ च्या वर गेल्यावरही अंगातला लोहाचा साठा भरायला आणखी तीन महिने लागतील, तोवर गोळी चालू राहील आणि दिवाळीनंतर पुन्हा तपासणी होईल.